राहिलेलं रेकॉर्डिंग

जिन्यातल्या दिव्याचा उजेड येतोय तेवढा पुरे, हा इथला बंदच असू दे. डोळ्यांवर येतो. कुठली लिफ्ट अडकली, फोन आला, तर उठायचंच आहे. तोवर बसा निवांत.

तुम्ही मघाशी बारक्याला हसत होतात. एवढा हुशार लिफ्ट मेकॅनिक, आणि कोणी समोर बोलायला बसलं की उठून मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून येतो. सुरुवातीला मीही हसायचो. त्याला काम मीच शिकवलंय, त्यामुळे हसायचा हक्कही होता. मग एकदा माझ्याकडे बसून त्याने सगळं सांगितलं, आणि त्यानंतर मात्र मी कधी हसलो नाही. त्याच्या तोंडून ऐकलं तसं सांगतो. पदरचं काही घालत नाही.

गेल्या नोव्हेंबरातला शेवटचा गुरुवार. संध्याकाळचे सात वाजले होते आणि चांगलाच अंधार पडला होता. बारक्या कामावरून परस्पर आत्याच्या घरी निघाला होता. आत्या म्हणजे त्याच्या वडिलांची धाकटी बहीण. तिला जाऊन महिना होत आला होता. भाड्याच्या दोन खोल्या, खाली शिंपिणीचं दुकान. दुसऱ्या दिवशी सकाळी घरमालकाला किल्ली द्यायची होती. मोठं सामान आधीच हललं होतं. राहिलं होतं ते किरकोळ: पडद्यांचे रॉड, दोन खुर्च्या, एक बादली. आणि बायकोने निघताना बजावलं होतं, "अहो, कॅमेरा घेऊन जा. खोल्या रिकाम्या करायच्या आधी एकदा शूटिंग करून आणा. आत्यांच्या व्हिडिओच्या शेवटी लावू."

व्हिडिओचं नाव काढलं की बारक्या विषय बदलायचा. का बदलायचा, ते आधी सांगायला हवं.

बारक्या सहा वर्षांचा असताना त्याचे वडील गेले. पुलाच्या कामावर सुपरवायझर होते, आठवडाभर तिकडेच राहायचे. एका रात्री स्कूटरवरून घरी यायला निघाले आणि धुक्यात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रकवर आदळले. एवढ्या रात्री का निघाले, ते कुणालाच कळलं नाही. आई पुढे तीस वर्षं एकच वाक्य बोलत राहिली. "एक फोन करायला काय झालं होतं त्यांना?" जेवताना बोलायची, कपडे घड्या घालताना बोलायची. ऐकून ऐकून पोराच्याही मनात तेच बसलं. आपल्या बापाला साधा फोन करावासा वाटला नाही.

वडील गेल्यावर पंधरवड्यात आत्या आपली ट्रंक घेऊन त्यांच्याकडे राहायला आली, ती कायमची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, बाहेरगावचे फोन हाताने जोडून द्यायची. लग्न केलं नाही. तिचा सगळा पगार या घरात गेला. बारक्याच्या शाळेची फी, त्याचे बूट, त्याचा कोर्स, सगळं तिने केलं. पोरगं तिच्या हाताखाली असं वाढलं, की बारक्या हे नाव कशाला ठेवलं होतं ते लोकांना कळेना. तो लिफ्टमध्ये चढला की आम्ही म्हणायचो, आता फक्त चारच जण या. आई गेली, बारक्याचं लग्न झालं, मग आत्या हट्टाने त्या दोन खोल्यांत वेगळी राहायला लागली. "तुमचा संसार तुम्ही करा. मला माझ्या आवाजाची सवय झालीय," म्हणाली.

व्हिडिओची कल्पना बायकोची. "आत्यांना किती आठवतं. त्या गेल्या की कोण सांगणार हे सगळं?" बारक्याला यंत्रांची हौस. त्याने जुना पण चांगला कॅमेरा घेतला, स्टँड घेतला, आवाज तपासायला मोठे हेडफोन घेतले. दर रविवारी दुपारी आत्याकडे जायचं, तिला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवायचं, समोर आपण बसायचं आणि विचारत राहायचं.

पहिले रविवार मजेत गेले. आत्या रंगात आली की ऐकत राहावं. एक गिऱ्हाईक म्हणे फोनवर इतकं ओरडायचं, की आत्याने शेवटी विचारलं, "साहेब, लाइन कशाला वाया घालवता? खिडकी उघडून बोला, पोचेल." कुणाचं लग्न तिच्या लाइनवर जुळलं, कुणाचं मोडलं. रात्रपाळीच्या मुली एकमेकींना गाणी ऐकवायच्या. बारक्या हेडफोन लावून हसायचा.

मग एका रविवारी, कॅमेरा बंद झाल्यावर, आत्या म्हणाली, "बारक्या, एक सांगायचं राहिलंय. पुढच्या रविवारी नक्की ये."

"येतो की. दर रविवारी येतोच ना?"

"नाही, नक्की ये."

पुढच्या रविवारी बारक्या गेला. पण त्या दिवशी एका हॉस्पिटलची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. त्याच्या हाताखालची पोरं तिथे होती, आणि दर मिनिटाला त्याला मेसेज टाकत होती. हे केलं, ते केलं, आता काय करू? तशातच त्याने कॅमेरा स्टँडवर लावला तर कार्ड भरलेलं. जुनं काहीतरी उतरवून घ्यायचं, पुसायचं, म्हणजे अर्धा तास. त्याला वाटलं, आज आत्या सांगून सांगून काय सांगणार? तीच पगारवाढीची, नाहीतर संपाची गोष्ट. पुढच्या वेळी परत विचारू. कॅमेरा नुसता उभा ठेवला. हेडफोन गळ्यात अडकवले. मोबाइल मांडीवर घेतला.

आत्या त्या दिवशी नीट तयार होऊन बसली होती. केस विंचरलेले, अंगावर इस्त्रीचे कपडे. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागलाय की नाही, ते तिला दिसायचं नाही.

"चालू आहे ना रे?"

"हो, आत्या. बोल."

ती बोलायला लागली. बारक्या मान हलवत होता. मांडीवर बोटं चालली होती. मध्येच तिने पुन्हा विचारलं, "चालू आहे ना?" हा म्हणाला, "चालू आहे, चालू आहे." मग कधीतरी आवाज थांबला. याने वर बघितलं. आत्याचे डोळे वाहत होते. म्हाताऱ्या माणसाला जुनं आठवलं की येतंच पाणी, असं याला वाटलं.

"छान झालं, आत्या."

"छान?"

"हो. छान सांगितलंस."

आत्या बराच वेळ त्याच्या दिशेने बघत राहिली. "तुला काहीच म्हणायचं नाही?"

"मी काय म्हणणार? झालं गेलं." आणि बारक्या उठला, कारण हॉस्पिटलच्या पोरांचा फोन वाजत होता.

त्याच आठवड्यात आत्या झोपेत गेली.

सगळं उरकल्यावर खालची शिंपीण बारक्याला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, एक सांगू? रविवारी तुम्ही गेल्यावर त्या खाली आल्या होत्या. माझा हात धरून रडल्या. म्हणाल्या, सगळं सांगून टाकलं पोराला. इतकी वर्षं छातीवर दगड होता. आणि पोराने एका शब्दाने दुखावलं नाही मला. झालं गेलं, म्हणाला."

बारक्या तिच्याकडे बघतच राहिला. कारण आत्याने काय सांगितलं, त्यातला एक शब्द त्याला ठाऊक नव्हता.

त्याने आठवायचा किती प्रयत्न केला. मांडीवरचे मेसेज आठवायचे. ब्रेकची कॉइल, तिसरा मजला, चौथा मजला... आत्याचा नुसता सूर आठवायचा, शब्द नाही. बायको विचारायची, "तो शेवटचा रविवारचा भाग दाखवा ना." हा म्हणायचा, "एडिटिंग चाललंय." रोज नवी थाप.

असा माणूस त्या गुरुवारी किल्ली फिरवून त्या खोलीत शिरला.

त्याने दिवा लावला, पंखा लावला. पडदे काढलेल्या खिडक्या काळ्या दिसत होत्या. भिंतीवर जिथे कपाट होतं तिथे फिकट चौकोन उरला होता. खालून शिंपिणीच्या मशीनचा आवाज येत होता. थांबत होता, परत चालू होत होता. खिडकीजवळ आत्याची हातांची खुर्ची होती, आणि समोर याची. दोन्ही तशाच, समोरासमोर. जणू माणसं आत्ताच उठून आत गेलीत.

बारक्याने रॉड काढले, बादलीत भरले. मग स्टँड उघडला आणि कॅमेरा लावला. या वेळी कार्ड रिकामं होतं. बायकोने तपासून दिलं होतं. त्याने कॅमेऱ्याचा पडदा उघडला, स्वयंपाकघराचं दार बघितलं, भिंत बघितली. मग कॅमेरा खिडकीकडे वळवला.

तुम्हाला माहीत आहे, या कॅमेऱ्यांना चेहरा ओळखता येतो. समोर माणूस आला की पडद्यावर त्याच्या चेहऱ्याभोवती छोटी पिवळी चौकट येते. माणूस हलला की चौकट हलते. माणूस गेला की जाते.

आत्याच्या खुर्चीवर चौकट आली.

बारक्या मेकॅनिक. त्याला आधी यंत्राचाच संशय आला. त्याने काच पुसली. कॅमेरा बंद करून चालू केला. दाराकडे फिरवला, चौकट गेली. भिंतीकडे फिरवला, काही नाही. पुन्हा खुर्चीकडे...

आली.

बसलेल्या बाईचा चेहरा जिथे असेल, बरोब्बर तिथे. खुर्चीच्या पाठीपेक्षा जराशी वर. मागे काळी खिडकी.

त्याने कॅमेऱ्यावरून डोळे काढून खुर्चीकडे बघितलं. खुर्ची रिकामी. पडद्यावर बघितलं. चौकट जरा डावीकडे कलली होती. आत्याला उजव्या कानाने कमी ऐकू यायचं. समोरचा काय म्हणतोय ते ऐकायला ती मान अशीच कलती करायची.

खालचं मशीन थांबलं.

बारक्याला पळावं असं वाटलं, पण खुर्च्या अशा मांडल्या होत्या की दाराकडे जायचं तर दोन्ही खुर्च्यांच्या मधूनच जायला लागणार. तो होता तिथेच, आपल्या खुर्चीत, बसला.

"आत्या?"

चौकट खाली गेली. वर आली. हो म्हटल्यासारखी.

जे तोंडात बसलेलं होतं तेच बाहेर पडलं. "बोल. चालू आहे."

चौकट हलेना. थांबून राहिली. बारक्याने बघितलं तर लाल दिवा लागलेलाच नव्हता. त्याने बटण दाबलंच नव्हतं. मेलेल्या आत्याशीसुद्धा तो पहिलं वाक्य खोटं बोलला होता.

मला हे सांगताना पोरांनो, तो इथे थांबला होता. पाणी मागितलं होतं.

त्याने बटण दाबलं. दिवा लागला. खिशातला मोबाइल काढून बंद केला, जमिनीवर ठेवला आणि पायाने दूर सरकवला. मग हेडफोन कानावर चढवले, पूर्वी चढवायचा तसे.

आधी नुसती खरखर. जुन्या लाइनची असते तशी. मग श्वास. आणि मग... आत्या.

"चालू आहे ना रे?"

"हो, आत्या." या वेळी त्याने दिव्याकडे बघून उत्तर दिलं.

ती बोलायला लागली. कानात अगदी जवळ. खोलीत मात्र काही नाही, पंख्याची घरघर तेवढी.

"तुझ्या बापाने माझं ठरत आलेलं लग्न मोडलं. मुलाकडच्यांना जाऊन काय सांगितलं, देव जाणे. दोन वर्षं मी त्याच्याशी बोलले नाही. तुमच्या घरी पाय ठेवला नाही. वहिनी तेवढी चोरून फोन करायची.

"त्या आठवड्यात तुला ताप होता, बारक्या. चढत होता, उतरत होता. तुझा बाप कामावर गेला तेव्हा तुझं अंग नुसतं भाजत होतं. रात्री फोन करतो म्हणून गेला होता. पण तुमच्या घरमालकाचा फोन कधी लागायचा, कधी नाही. म्हणून वहिनीने संध्याकाळीच मला एक्स्चेंजला फोन केला. म्हणाली, ताप उतरलाय. पोरगं उठून बसलंय, खायला मागतंय. यांची लाइन तुमच्याकडूनच येईल. नाही लागला आमचा फोन, तर तुम्हीच सांगा. उद्या सकाळी सावकाश या म्हणावं, रात्रीचे निघू नका.

"मी हो म्हटलं."

खरखर वाढली. चौकट खाली झुकली.

"आणि त्याचा फोन आला. माझ्याच बोर्डावर. मी आवाज ओळखला. त्याने माझा ओळखला नाही. ऑपरेटरचा आवाज कुणाचाच नसतो..."

आणि मग कानात दुसरा आवाज आला.

पुरुषाचा. लांबून. दम लागल्यासारखा.

"बाई, घरचा नंबर लावून द्या ना जरा. मुलगा आजारी आहे."

बारक्याला वडिलांचा आवाज आठवत नव्हता. फोटो होता, आवाज नव्हता. पण त्याच्या हातांवरचे केस उभे राहिले. म्हणाला, कुणाला ओळख करून द्यायला लागली नाही.

"लाइन बिझी आहे." आत्याचा आवाज. पण तरुण. कडक. थंड.

शांतता.

"बाई, लागला का?"

"लाइन बिझी आहे."

शांतता. आणखी लांब.

"बाई... तिथे माझी बहीण असते कामाला. तिला देता का जरा? ती सांगेल."

"ती आज ड्युटीवर नाही."

खट्. मग काही नाही.

बारक्या खुर्चीचे हात धरून बसला होता. डोळ्यांतून धारा चालल्या होत्या, पण पुसायला हात सुटेना.

पुन्हा म्हातारी आत्या. अगदी हळू. "एक वाक्य होतं, बारक्या. ताप उतरलाय. एवढंच. मीच सांगू शकले असते. वाटलं, राहू दे रात्रभर काळजीत. कळू दे त्यालाही. तो काळजीत राहिला नाही... निघाला." थोडा वेळ नुसता श्वास. "तुझी आई जन्मभर म्हणायची ना, एक फोन करायला काय झालं होतं? मी समोर बसून ऐकायचे. घास गिळायचे. त्याने फोन केला होता, बारक्या. तीन वेळा विचारलं होतं त्याने."

मग ती थांबली. चौकट सरळ झाली. याच्याकडे बघितल्यासारखी.

"तुला काहीच म्हणायचं नाही?"

पोरांनो, या ठिकाणी गप्प बसला असता तर कुणी काही म्हटलं नसतं. म्हातारी माफी मिळाली समजून गेली होती. तिला तसंच जाऊ द्यायचं. पण बारक्याला खोटं बोलवेना. महिनाभर थापा मारून तो आतून पोखरला होता.

तो म्हणाला, "आत्या, मी त्या दिवशी ऐकत नव्हतो. कॅमेरा बंद होता. मी मोबाइलवर होतो. मी... एक शब्द ऐकला नाही तुझा."



पंख्याची घरघर.

मग हेडफोनमध्ये आत्या म्हणाली, "म्हणजे झालं गेलं म्हणालास, ते..."

पुढे बोलली नाही.

पडद्यावरची चौकट सावकाश खाली गेली. खाली, खाली. बाई ओंजळीत तोंड लपवते, तेवढी खाली. आणि तिथेच राहिली.

बारक्या मला म्हणाला, आधीची भीती वेगळी होती. खरी भीती तेव्हा वाटली. मी काय केलं ते कळलं म्हणून वाटली. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी एका बाईच्या छातीवरचा दगड उतरला होता, आणि मी तो परत उचलून ठेवला.

माफ केलं, असं म्हणावं? जीभ उचलेना. तिचा राग येत होता. तिची दया येत होती. त्याच हातांनी तिने याला भरवलं होतं.

तेवढ्यात कानात पुन्हा खरखर सुरू झाली. आणि तो लांबचा आवाज.

"बाई, लागला का?"

पुन्हा तेच. तसंच. दम लागलेलं. आत्याचा आवाज उमटला, "लाइन..." आणि अडकला. पुढचा शब्द येईना. पुन्हा, "लाइन..."

तिकडे तो माणूस थांबला होता. स्कूटरची किल्ली हातात घेऊन उभा असेल. बाहेर धुकं असेल.

"बाई... लागला का?"

बारक्या पुढे वाकला. कॅमेऱ्याच्या माइकजवळ तोंड नेलं. काय बोलायचं ते त्याने ठरवलं नव्हतं. त्याच्या तोंडून निघून गेलं.

"बाबा, ताप उतरलाय. रात्रीचे निघू नका. सकाळी या."

खरखर थांबली.

एकदम. वायर तोडावी तशी.

आणि त्या शांततेत, खूप लांबून, सुटकेचा श्वास सोडून कुणीतरी म्हणालं, "बरं."

बस. एवढंच.

पडद्यावर रिकामी खुर्ची होती. चौकट नव्हती. आत्या कधी उठून गेली, ते त्याला कळलं नाही. काही बोलून गेली असती तर बरं, असं त्याला अजून वाटतं. खाली मशीन पुन्हा चालू झालं. त्याने रेकॉर्डिंग बंद केलं, सामान उचललं आणि जिना उतरला. शिंपिणीने विचारलं, "झालं का दादा सगळं?" तो हो म्हणाला. घरी गेला, बायकोला काही न सांगता झोपला. आणि गंमत म्हणजे झोप लागली.

माफ केलं की नाही, ते त्याला आजही सांगता येत नाही. मी विचारलं होतं. म्हणाला, "वडिलांवरचा राग गेला, एवढं नक्की. आत्याचं म्हणाल, तर तिचं ऐकून घेतलं. मला तेवढंच जमलं."

राहता राहिलं ते रेकॉर्डिंग. दुसऱ्या दिवशी सकाळी, बारक्या दाढी करत असताना, बायकोने कॅमेरा काढून हेडफोन लावले. तिला आत्याच्या खोल्या बघायच्या होत्या. आरशातून याला ती दिसत होती. सगळं बघून झालं तरी ती जागची हलेना. मग तिने हेडफोन काढले.

"अहो, त्या खुर्चीशी काय बोलत होतात? आत्यांना सांगत होतात, मी ऐकलं नाही म्हणून?"

बारक्याने वस्तरा खाली ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. थापा तिला कळल्या होत्या.

"आत्यांचा आवाज नाही यात," ती म्हणाली. "नुसती रिकामी खुर्ची. पंखा. आणि तुमचं ते बोलणं." तिने परत पडद्याकडे बघितलं. "पण काल तुमच्याबरोबर कुणाचा मुलगा आला होता का?"

"नाही. मी एकटाच होतो."

"मग शेवटी हा कोण बोलतोय?"

तिने हेडफोन त्याच्याकडे धरले. बारक्याने साबणाच्या हातांनीच ते कानाला लावले. रिकामी खुर्ची. पंख्याची घरघर. मी एक शब्द ऐकला नाही तुझा... हा त्याचाच आवाज, जाडा, रडून बसलेला. मग लांबलचक शांतता. आणि मग ते शेवटचं वाक्य, जे तो स्वतः माइकजवळ वाकून बोलला होता.

बाबा, ताप उतरलाय...

मीही ऐकलंय ते. पाच-सहा वर्षांच्या पोराचा आवाज आहे. बारीक. थोडा ओढलेला. अंथरुणातून नुकतंच उठून बसल्यावर असतो, तसा.